ताईनं मला सांगितलेलं

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला जागा मिळाली ती माजघरात, भाताच्या कणगीला टेकून, कारण धड चालणारा प्लग काय तो तेवढा एकच होता. बाबा बोईसरला फॅक्टरीत शिफ्टला जायचे. तिथल्या ऑफिसनं जुनी मशिनं काढून टाकली, त्यातलं एक बाबांनी उचललं आणि गोणपाटात गुंडाळून टेम्पोनं शिरगावला आणलं. आईला वाटलं दुसरा टीव्ही आणला. तिनं त्याला हळदकुंकू वाहिलं आणि मग शांतपणे विचारलं, "यात बातम्या कदी लागतात?" शुभाताई हसून हसून कणगीवर आडवी पडली. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिचं हसणं असं होतं की ते थांबायची वाट बघत जेवण निवून जायचं. आता पन्नाशी समोर दिसायला लागली तरी त्या घरातला सगळ्यात स्पष्ट आठवणारा आवाज कुठला म्हणून कोणी विचारलं, तर समुद्राचा नाही, पंपाचा नाही, तो तिच्या हसण्याचा आहे.

मशिनबरोबर एक सीडी आली, म्हणजे पाठोपाठ आली. बाबांच्या खात्यातला एक ऑपरेटर, उत्तर प्रदेशातला, एका रविवारी आमच्याकडे आला होता. बोंबलाच्या वासानं बिचारा ओटीवरच थबकला आणि चहावर भागवून परत गेला, पण जाताना माझ्याकडे बघून बाबांना म्हणाला, "इसमें मारपीट कम है, दिमाग़ का खेल है. बिटिया को दीजिए." त्या खेळाचं इंग्रजी नाव आमच्यापैकी कोणाला नीट उच्चारता आलं नाही. आम्ही त्याला 'राज्य' म्हणायचो. "राज्य लाव गं," असं बाबा कामावरून आल्या आल्या चपला काढताना म्हणायचे.

नकाशावर दहा-बारा राज्यं असायची आणि त्यातलं एक आपलं. सुरुवातीला मी सगळ्यांसारख्या लढाया केल्या आणि सपाटून मार खाल्ला. मग डिक्शनरी मांडीवर घेऊन एकेक सूचना वाचली तेव्हा कळलं, की या खेळात खरं बळ वाढतं ते दोन गोष्टींनी. मुली द्यायच्या आणि हेर पेरायचे. राजाची मुलगी लग्नाची झाली की तिच्या नावापुढं एक फूल उमटायचं. ते दिसलं की लगेच शेजारच्या राजाकडे दूत. लग्न जमलं की तह, तह झाला की त्या सीमेवरचं सैन्य मोकळं. मुलगी आपल्या पानावरून उठून त्यांच्या पानावर जायची, आणि हेरखातं भक्कम असेल तर दर ऋतूला तिची चिठ्ठी यायची: किल्ल्यात धान्य किती, राजाची तब्येत कशी, युवराज कोणावर चिडलाय. तिच्या नावाखाली संशयाची एक लाल पट्टी हळूहळू भरत जायची. पूर्ण भरली की खेळ विचारायचा, ही तुमच्यासाठी काम करत होती हे मान्य आहे का? मी दर वेळी 'नाही' दाबायचे. 'नाही' म्हटलं की राज्याची पत शाबूत राहायची.

ताईला हे बघवायचं नाही. ती शेजारी बसून तोंडली चिरत असायची आणि त्या चित्रातल्या मुलींना नावं ठेवायची, म्हणजे खरोखरच नावं. एक हेमा, एक सुलू, एक बेबी. "बेबीला त्या म्हाताऱ्याला नको ना देऊ. आनी तिला पकडलं तर 'नाय' काय म्हणतेस? तुजीच पोर ना ती?" मी म्हणायचे, "ताई, पोर नाय ती, चित्र हाय." बाबा मागून चहाचा फुर्रकन घोट घेत म्हणायचे, "धाकटीला डोकं हाय." हे एक वाक्य ऐकायला मी काय वाटेल ते केलं असतं. आणि केलंच.

वाडीचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमची वाडी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. नारळ, केळी, चार चिकू, आणि सगळ्यात आत, शेवरीच्या झाडांवर चढवलेली पानवेल. खायची पानं. तिथं चपला घालून कोणी जायचं नाही, आई तर देवघरात जावं तशी जायची. पानवेल मोठी नखरेल. तिला पाणी रोज हवं, आणि गोडच हवं. पाण्यात किंचित खार आला की पानाच्या कडा जळतात. विहीर कुंपणाच्या बरोबर रेषेवर होती, अर्धी आमच्यात, अर्धी शेजारच्या नानाकाकांच्या वाडीत. सकाळी आमची पाळी, दुपार टळली की त्यांची. आणि मधले दोन-तीन तास विहिरीचा विसावा. त्या वेळात कोणी पंप तर सोडाच, पाय धुवायला बादलीही ओढायचं नाही. समुद्र जवळ असलेल्या विहिरीला श्वास घेऊ दिला नाही तर खालून खारं पाणी चढतं, हे आजोबा आणि नानाकाकांचे वडील यांनी कधीतरी ठरवून ठेवलेलं, आणि दोन घरांत बाकी कितीही धुसफुस झाली तरी विसावा कोणी मोडला नव्हता. दोन्ही पंप बंद झाले की वाडीत एकदम अशी शांतता पसरायची की आईला तेवढ्यात हमखास डुलकी लागायची.

नानाकाकांच्या मिलिंदचं स्थळ ताईला आलं तेव्हा कोणालाच नवल वाटलं नाही. मिलिंद सरळ मुलगा होता, कमी बोलायचा, आणि ताईच्या हसण्यानं त्याचे कान लाल व्हायचे ते सगळ्या आळीला ठाऊक होतं. ताईला विचारलं, तिनं मान खाली घालून "चालेल" म्हटलं आणि मागच्या पडवीत जाऊन मला करकचून मिठी मारली. म्हणजे या लग्नात कोणावर जबरदस्ती झाली, असं कोणी समजू नये. ते चांगलं लग्न होतं. फक्त त्या संध्याकाळी बाबा राज्यासमोर बसले होते, आणि पडद्यावर कुठल्याशा राजकन्येपुढं फूल उमटलं होतं. ते बघून ते हसत म्हणाले, "बघ, आपन पन लढाईशिवाय अर्धी विहीर जिंकली." मीही हसले. थट्टाच होती ती. पण मी सोळा वर्षांची होते, आणि माझ्या डोक्यात ती थट्टा थट्टा म्हणून राहिली नाही.

लग्नाला घरची उकडहंडी झाली, मडक्यात उकडलेल्या कंद-शेंगांची, थंडीचे दिवस होते. मांडवासाठी दोन वाड्यांमधलं कुंपण एका जागी तोडलं आणि लग्नानंतर नानाकाकांनी ते तसंच ठेवलं. "सूनबायला फिरून कशाला जायला लावू? सरळ येऊ दे जाऊ दे," म्हणाले. रस्त्यानं गेलं तर वळसा पडायचा, कुंपणातून आलं तर साठ-सत्तर पावलं. ताई रोज यायची, विहिरीच्या विसाव्याला. आई डुलक्या काढायची आणि आम्ही दोघी ओटीवर बसून खुडलेली पानं लावत बोलायचो. बोलायची तीच. सासूबाई कालवणात कोकम किती टाकतात, नानाकाका तिच्यासाठी आठवणीनं शेंगदाण्याची चिक्की कशी आणतात, मिलिंद झोपेत काय बडबडतो. सुखी माणूस जसं सगळं सांगत सुटतं तसं ती सांगायची. त्या घरात गेल्यापासून तिला कोणी परकं वाटू दिलं नव्हतं, म्हणून आतलं काय आणि बाहेरचं काय हा फरक तिच्या मनात उरलाच नव्हता. आणि मी ऐकत बसायचे. इतकं मन लावून मी शाळेत कधी काही ऐकलं नाही.

पहिली बातमी फुटकळ होती. त्यांची पानं बुधवारी व्यापाऱ्याकडे जाणार होती, ती मी बाबांना सांगितली. बाबांनी आमची मंगळवारी पाठवली आणि बरा भाव आला. बाबा मला म्हणाले, "चिठ्ठी आली वाटतं सासरहून?" आणि डोळे मिचकावले. मग सवयच लागली. पहिल्या शिफ्टहून ते साडेचारला यायचे, मी चहा नेऊन द्यायचे आणि चहाबरोबर बातमी. नानाकाका केळीची कोणती रोपं आणणार, कुठल्या गड्याला बोलावणार. त्यात पाप आहे असं मनाला शिवलंही नाही. मला तर वाटायचं मी मोठी झाले. आई एकदा म्हणाली, "ती तुज्यापाशी मन मोकळं करते. ते इकडंतिकडं करू नको." मी म्हटलं, "बाबांना सांगणं म्हणजे इकडंतिकडं काय?" आईनं माझ्याकडे नुसतं बघितलं. तिनं तेव्हा मला एक थोबाडीत दिली असती तर आज मी तिचे उपकार मानले असते.

पुढची दिवाळी होऊन गेल्यावर एके दुपारी ताई आली ती थोडी काळजीत. म्हणाली, "हे म्हणतात, आपन वाडीत बोअर मारू या. गावात दोघांनी मारली. पण मामंजी नाय म्हणतात. विहिरीला धक्का लागंल, त्या घरात तुजी सासुरवाडी हाय, असं बोलले यांना. दोन दिवस बापलेक बोलत नायत." मग पानांच्या चवडीवर ओलं फडकं टाकत म्हणाली, "तू कोणाला बोलू नको हां. मिटंल त्यांचं त्यांचं."

त्या संध्याकाळी मी बाबांना सांगितलं, "ते बोअर मारणार हायत."

एवढंच सांगितलं. नानाकाका नको म्हणतात, हे सांगितलं नाही. विसरले असते तर बरं, पण मी विसरले नव्हते. ते सांगितलं असतं तर बातमीत दम राहिला नसता. बाबा "असं व्हय" म्हणून पुन्हा चहाकडे वळले असते, आणि मला त्यांचा चेहरा बदललेला बघायचा होता. तो बदलला. कप खाली ठेवून ते कितीतरी वेळ विहिरीकडे बघत राहिले. "नानानं मला विचारलं पन नाय," एवढंच म्हणाले. त्यांचा आवाज दुखावलेला होता. तो ऐकून तरी मी तोंड उघडायला हवं होतं. मी आत जाऊन राज्य लावलं.

आठवड्याच्या आत बाबांनी बोलावलेली बोअरची गाडी आली, बोईसरकडून कोणाच्या तरी ओळखीनं. ती आली तीच विसाव्याच्या वेळी. इतक्या वर्षांत त्या वेळात आमच्या वाडीत यंत्राचा आवाज पहिल्यांदा झाला. आई दचकून उठली. नानाकाका कुंपणाच्या पलीकडे येऊन उभे राहिले, पांढरी बनियन, हातात कोयता तसाच, आणि मागं फिरले. मग मिलिंदला अडवणारं कोण राहिलं? पंधरा दिवसांनी त्यांनीही बोअर मारली, आमच्याहून खोल. दोन्हीकडे दिवसभर पंप चालू. बाबा खूश होते, पाणी धो धो येत होतं. ताई तेव्हाही यायची, पण तिचं बोलणं कमी झालं होतं. तिला एवढंच वाटत होतं, की दोन्ही घरांना एकाच वेळी एकच दुर्बुद्धी सुचली. माझ्यावर तिला संशय नव्हता. तिच्या डोक्यात ते येणंच शक्य नव्हतं.

होळीच्या सुमारास आईनं डाळ चुलीवरून उतरवली आणि म्हणाली, "मीठ न घालता खारट लागते." मग पानवेलीच्या कडा करपायला लागल्या, आधी त्यांच्या, मग आमच्या. पानं हातात घेतली की चुरा व्हायची.

त्या दिवशी सगळे विहिरीवर जमले ते कोणी बोलावलं म्हणून नाही. नानाकाकांनी बादली ओढली, ओंजळीत पाणी घेतलं, तोंडात धरलं आणि थुंकले. मग बाबांना म्हणाले, "हे तू केलंस." बाबा म्हणाले, "आदी तुमचं ठरलं व्हतं. मी काय नुसतं बघत बसू?" नानाकाकांना आधी काही कळलंच नाही. "कोणाचं ठरलं? मी पोराला नाय म्हणून सांगितलेलं. माज्या घरात, जेवताना. तुला कोणी सांगितलं?" मग हट्टानं म्हणा की घाबरून, मला आजही ठरवता येत नाही, ते बोलून गेले, "तुमच्याच घरातून कळलं मला."

ताई धुण्याची बादली घेऊन तिथंच उभी होती. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. मिलिंदनं बघितलं, सासूनं बघितलं. आणि ताईनं माझ्याकडे बघितलं. मी पंपाच्या खोपटाला टेकून उभी होते, दहा पावलांवर. 'मी सांगितलं, आणि अर्धंच सांगितलं, तिनं नको म्हटलं होतं' एवढी तीन वाक्यं होती. बाबांनी माझ्याकडे एकदा बघून मान खाली घातली. नानाकाकांनी मिलिंदला दिलेला नकार बाबांनी त्या क्षणी पहिल्यांदा ऐकला होता, आणि मी काय गाळलं ते त्यांना कळलं होतं. तेही बोलले नाहीत, मीही बोलले नाही. खेळात निदान मला विचारलं तरी जायचं. इथं कोणी विचारलंसुद्धा नाही आणि मी नाही म्हणून मोकळी झाले.

नानाकाका ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर ताई रडली असती, तिनं बाजू मांडली असती. ते फक्त म्हणाले, "सूनबाय, घरात चल." संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं बोरीच्या काट्या आणून कुंपणातली वाट बुजवली.

चार दिवसांनी मी तिला कुंपणाशी गाठलं. ती करपलेली पानं वेगळी काढत होती. मी म्हटलं, "ताई, मी येते. नानाकाकांना सांगते सगळं, की मी बोलले." ती वर न बघता म्हणाली, "नको. त्यांना बातमी कोणी नेली ते नाय लागलं. मी घरातलं बाहेर बोलले ते लागलंय. आनी ते खरं हाय." मी रडायला लागले. म्हटलं, "शिव्या दे मला. काय तरी बोल." तेव्हा तिनं वर बघितलं. राग नव्हता तिच्या तोंडावर. तिनं विचारलं, "आय बरी हाय?" मी म्हटलं, हाय. "बाबांचा खोकला?" कमी हाय. "बरं," ती म्हणाली आणि टोपली उचलून गेली.

तेव्हा मला वाटलं, चला, बोलली तरी. ती तशीच बोलणार होती, आयुष्यभर, हे मला कळायला पुष्कळ वर्षं लागली. ताई कधी भांडली नाही, अबोला धरला नाही. लग्नकार्यात भेटली, बाबा गेले तेव्हा दहाव्याला आणि तेराव्याला दोन्ही दिवस येऊन बसली. भेटली की सगळ्यांची चौकशी करते, मनापासून करते. स्वतःचं मात्र एक अक्षर सांगत नाही. तिला दिवस गेलेले आम्हाला कळले ते कोळणीकडून, टोपली उतरवता उतरवता तिनं आईचं अभिनंदन केलं तेव्हा. साठ पावलांवर राहणाऱ्या लेकीचं. सासरच्या लोकांनी तिला छळलं नाही. पण ती स्वयंपाकघरात आली की बोलणं थांबायचं, असं कितीतरी वर्षं चाललं, हेही मला तिसऱ्याच कोणीतरी सांगितलं. तिचं ते हसणं पुढे कोणी ऐकलं का, मला माहीत नाही. आमच्या बाजूला तरी ते ऐकू आलं नाही. पानवेल दोन्ही वाड्यांतून गेली. बाबांनी कॉम्प्युटर कोणाला तरी देऊन टाकला, आणि त्यानंतर मला डोकं आहे असं ते कधी म्हणाले नाहीत.

मी कितीदा माफी मागितली. दर वेळी ती म्हणते, "अगं, कदीचं काय घेऊन बसलीस." तिनं मला माफ केलंय यावर माझा विश्वास आहे. माफ करूनही माणूस परत मिळत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

बाबा गेल्यापासून आई माझ्याकडे पालघरलाच असते. गेल्या महिन्यात ताई मला तिथल्या एसटी स्टँडवर दिसली. एकटीच बाकावर बसली होती, खूप वाळलेली, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतलेला. मी शेजारी जाऊन बसले. तिच्या पिशवीतून एक मोठं पाकीट वर आलं होतं, एक्स-रेचं असतं तसं, वर हॉस्पिटलचा शिक्का. माझी नजर तिकडे गेली तशी तिनं पिशवी उचलून पलीकडच्या बाजूला ठेवली, सहज, पदर सावरावा तशी. म्हणाली, "बाजारात आलेले. तुजा गुडघा कसा हाय?" मी गुडघ्याचं सांगितलं. आईचं सांगितलं. तिचा हात धरून विचारावंसं इतकं वाटत होतं की माझी बोटं दुखायला लागली. पण मी विचारलं असतं तर ती हसून काहीतरी खोटं बोलली असती, आणि तिला माझ्याशी खोटं बोलायला लावायची माझी हिंमत झाली नाही. शिरगावची गाडी लागली. चढताना ती वळून म्हणाली, "आयला सांग, मी बरी हाय."

घरी आले तर आई खिडकीशी बसली होती. मी म्हटलं, ताई भेटली होती स्टँडवर, बरी आहे म्हणाली.

"आनी काय म्हणाली?" आईनं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.